बुद्धिबळाचा लाइव्ह डाव तुमच्या मोबाइलवर पोचतो कसा, आणि आपल्या स्पर्धेचा पोचवायचा असेल तर काय करायचं

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा डाव. काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण डाव बरोबरीत सुटणार असंच सगळे धरून बसलेले. स्क्रीनच्या कडेचा काळा-पांढरा बार, म्हणजे कॉम्प्युटरच्या मते कोण पुढे आहे ते दाखवणारी पट्टी, मधोमध ठाण मांडून होता. मग ५५व्या चालीला तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन, याने हत्ती एफ२ या घरात आणला आणि बार एकदम काळ्याच्या बाजूला गेला. म्हणजे जगभर मोबाइल घेऊन बसलेल्या लोकांना, ज्यातल्या निम्म्यांना हत्ती-उंटाचा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) धड खेळता येत नाही, त्यांना पण त्या क्षणी कळलं की डिंग हरला. समोर बसलेल्या गुकेशला मात्र ते स्वतःच्या डोक्याने शोधायचं होतं. त्याने शोधलंच, हत्तींची अदलाबदल, मग उंट डी५ वर, ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

आता ती चाल टेबलावरून तुमच्या हातातल्या फोनपर्यंत आली कशी? बऱ्याच जणांना वाटतं वर कॅमेरा असतो आणि तो सोंगट्या ओळखतो, किंवा कुणीतरी बाजूला बसून टाइप करत असतं. टाइप करणं अजूनही चालतं, त्यावर पुढे येतोच. पण मोठ्या स्पर्धांत बहुतेक वेळा टेबलावरचा पटच इलेक्ट्रॉनिक असतो. डीजीटी नावाची डच कंपनी हे पट बनवते आणि फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, स्पर्धांत हाच पट तुम्हाला बहुतेक ठिकाणी दिसेल, दिसायला अगदी साधा लाकडी.

आतली गंमत अशी. प्रत्येक सोंगटीच्या बुडात तारेचं एक छोटं वेटोळं असतं. बॅटरी वगैरे काही नाही. पटाच्या खाली तारांचं जाळं असतं, ते सतत एकेक घर तपासत असतं, आणि प्रत्येक प्रकारच्या सोंगटीचं वेटोळं वेगळ्या फ्रिक्वेन्सीला उत्तर देतं. सहा प्रकार पांढऱ्यांचे, सहा काळ्यांचे, एकूण बारा. त्यामुळे पटाला कळतं की ई४ वर पांढरं प्यादं आहे, एफ६ वर काळा घोडा आहे. बस, एवढंच कळतं. चाल कोणाची होती, सोंगटी कोणी उचलली, ती खेळण्यासाठी उचलली की नीट मध्यावर ठेवायला, हे पटाला काहीही माहीत नसतं. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर, त्याचं नाव लाइव्हचेस, आधीची आणि आताची स्थिती शेजारी ठेवून बघतं आणि नियमात बसणारी कुठली चाल यातून निघते ते ठरवतं. थोडक्यात, तुम्ही जो डाव बघता तो सॉफ्टवेअरने लावलेला अंदाज असतो. एरवी इतका अचूक की अंदाज आहे हे लक्षात पण येत नाही.

पण हे एकदा डोक्यात बसलं ना की लाइव्ह बघताना जे विचित्र प्रकार दिसतात ते सगळे समजायला लागतात. सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा प्रकार म्हणजे शेवटची वेडी चाल. डाव मस्त चाललाय, बार सपाट, आणि अचानक एक राजा काही कारण नसताना पटाच्या मध्यावर येतो. मग कमेंटमध्ये ओरडाआरडा की अरे काय खेळला हा! काही खेळला नाही. डाव संपल्यावर दोन्ही राजे मधल्या चार घरांत ठेवले की पट निकाल ओळखतो, तशी पद्धतच आहे. दोन्ही राजे पांढऱ्या घरांत, म्हणजे ई४ आणि डी५ वर, तर पांढरा जिंकला. दोन्ही काळ्या घरांत, डी४ आणि ई५ वर, तर काळा जिंकला. एक पांढऱ्यात एक काळ्यात, तर बरोबरी. आता यातला पहिला राजा जर योगायोगाने नियमात बसेल अशा घरात गेला तर सॉफ्टवेअर त्याला चाल समजून मोकळं होतं. म्हणून शेवटची राजाची चाल वेड्यासारखी दिसली तर आधी निकाल बघा, मग खेळाडूला नावं ठेवा.

तसंच डाव संपल्यावर दोघं खेळाडू तिथेच बसून 'इथे घोडा खेळलो असतो तर' करत सोंगट्या हलवतात, त्या पण कधीकधी चाली म्हणून जातात. आणि प्याद्याचा वजीर करताना वेळेच्या घाईत कोणी हत्तीच उलटा ठेवला तर पटाच्या लेखी तो हत्तीच, सॉफ्टवेअर बिचारं तिथेच अडकतं. (नियमाने पण उलटा हत्ती हा हत्तीच असतो, हे बऱ्याच जणांना पंच येऊन उभा राहिल्यावरच कळतं.) दुसरा वजीर त्याच सेटमधला, वेटोळं असलेला हवा. कुठल्यातरी साध्या डब्यातला आणून ठेवला तर पटाला ते घर रिकामंच दिसणार.

एखादा डाव स्क्रीनवर २३व्या चालीवर वीस मिनिटं अडकलाय, तर खेळाडू विचार करतोय की फीड (चालींचं थेट प्रक्षेपण) बंद पडलंय? बाकीचे पट बघायचे. सगळेच थांबलेत तर इंटरनेट किंवा लॅपटॉप. एकच थांबलाय आणि तिथे पोझिशन किचकट आहे तर बहुतेक खरंच विचार चालू आहे. एकच थांबलाय, पोझिशन साधी आहे आणि नुकतंच प्यादं आठव्या ओळीवर पोचलंय, तर वजिराचाच घोटाळा.

आता लॅपटॉपच्या पुढचा प्रवास. सॉफ्टवेअर चाली एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितं, तिला पीजीएन म्हणतात. १९९०च्या दशकात स्टीव्हन एडवर्ड्स यांनी हा फॉरमॅट मांडला आणि आजही सगळं जग त्याच्यावरच चाललंय, कारण तो माणसालाही वाचता येतो आणि कॉम्प्युटरलाही. वर सात ओळी असतात: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा कोण, काळा कोण, निकाल. खाली चाली. डाव चालू असेल तर निकालाच्या जागी नुसती एक चांदणी असते. प्रत्येक चालीच्या मागे महिरपी कंसात त्या वेळी घड्याळात किती वेळ उरला होता ते पण लिहिता येतं. क्रिकेटची बॉल-बाय-बॉल मजकुराची कॉमेंट्री असते ना, तसंच हे, व्हिडिओ नाही, नुसती नोंद. म्हणून तर इतकं हलकं असतं. अख्खा डाव काही केबीमध्ये मावतो, आणि ऑलिम्पियाडसारख्या ठिकाणी एका वेळी शेकडो डाव चालू असले तरी रडतखडत चालणाऱ्या नेटवर पण बघता येतात.

ही फाइल वेबवर कुठेतरी ठेवली जाते, वेगवेगळ्या साइट ती दर काही सेकंदांनी उचलतात आणि आपापल्या पटावर दाखवतात. लिचेस, चेस डॉट कॉम, फॉलोचेस ॲप, सगळीकडे तोच डाव, कारण उगम एकच. मला विचाराल तर डाव बघायला लिचेसचं ब्रॉडकास्ट पान सगळ्यात स्वच्छ, फुकट, जाहिराती नाहीत, सगळे पट एकत्र दिसतात. जोड्या, गुणतक्ता, टायब्रेक (समान गुण झाले तर पुढे कोण ते) यासाठी मात्र चेस-रिझल्ट्स. ती साइट दिसायला जुनाट आहे पण छोट्या-मोठ्या स्पर्धांचे पेअरिंग तिथेच आधी येतात. वेळेचं एक बघा, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं तासभर पुढे-मागे होतात, तेव्हा आयोजकांच्या पत्रकातली वेळ स्वतः मोजत बसण्यापेक्षा साइट तुमच्या ब्राउझरच्या वेळेत काय दाखवते त्यावर जा.

हे सगळं 'लाइव्ह' म्हटलं तरी बऱ्याचदा मुद्दाम उशिराने दाखवलं जातं, आणि ते बरोबरच आहे. २०१०च्या रशियातल्या खांटी-मानसिस्क ऑलिम्पियाडमध्ये फ्रेंच संघाचं प्रकरण झालं होतं: फ्रान्समध्ये बसलेला एक जण इंटरनेटवर डाव बघायचा, इंजिनला (चाली सुचवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामला) विचारायचा, एसएमएस करायचा, आणि हॉलमधला प्रशिक्षक ठरलेल्या टेबलामागे जाऊन उभा राहून खेळाडूला चाल सुचवायचा. म्हणजे लाइव्ह प्रक्षेपण हाच त्या साखळीचा पहिला दुवा होता. प्रक्षेपण पंधरा मिनिटं मागे असेल तर बाहेरून येणारी चाल हॉलमध्ये पोचेपर्यंत डाव पुढे गेलेला असतो. २०२२च्या सिंकफील्ड कपमध्ये तेव्हाचा जगज्जेता कार्लसन याने स्पर्धा अर्ध्यात सोडली आणि फसवणुकीची चर्चा सुरू झाली तेव्हा आयोजकांनी लगेच प्रक्षेपण पंधरा मिनिटं मागे ढकललं होतं, आणि तेव्हापासून ही पंधरा मिनिटं सामान्य प्रेक्षकालाही माहीत झाली.

त्यात यूट्यूबच्या व्हिडिओचा स्वतःचा उशीर वेगळा. म्हणून असं होतं की कॉमेंटेटर अजून 'आता काय खेळेल' म्हणतायत आणि तुमच्या लिचेसच्या टॅबवर चाल येऊन पण गेली. किंवा उलटं. ज्याला सस्पेन्स हवा त्याने एकच काहीतरी उघडावं आणि चॅट बंद ठेवावं, चॅटमध्ये फोडणारे असतातच.

बारबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचाच आहे. बार म्हणजे इंजिनचं मत, बहुतेक ठिकाणी स्टॉकफिशचं. पूर्वी अधिक एक म्हणजे साधारण एका प्याद्याइतका फायदा असं सांगायचे. २०२२च्या शेवटी आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून तो आकडा असा बसवलाय की अधिक एक म्हणजे जिंकण्याची शक्यता सुमारे ५० टक्के, पण ती इंजिन विरुद्ध इंजिन खेळलं तर! माणसांच्या डावात अधिक एक असूनही प्रत्यक्षात पांढऱ्याला जिंकायला एकच बारीक वाट असेल, सलग सहा अवघड चाली शोधायच्या असतील आणि घड्याळात दोन मिनिटं असतील, तर माझ्या मते काळाच मजेत आहे. बार तुम्हाला हे सांगणार नाही. शिवाय तुमच्या फोनवर इंजिन दोन सेकंद चाललं तर एक आकडा, मोठ्या सर्व्हरवर मिनिटभर चाललं तर दुसरा. म्हणून नवी चाल आल्या आल्या बार उसळला तर जरा थांबा, कधीकधी तो परत जागेवर येतो. सात किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या की मात्र गोष्ट वेगळी, तिथे टेबलबेस असतो, म्हणजे त्या सगळ्या स्थितींचा निकाल आधीच पूर्ण काढून ठेवलाय, तिथे मत नाही, उत्तरच असतं.

घड्याळाकडे बारइतकंच लक्ष द्या. सिंगापूरच्या त्या मॅचमध्ये पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं होती आणि ४१व्या चालीपासून प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढत होते, त्याआधी वाढ नव्हतीच. त्यामुळे ३२व्या चालीला कोणाकडे चार मिनिटं उरली असतील तर पुढच्या आठ-नऊ चाली त्यातच बसवायच्या. दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत पहिल्या चालीपासून ३० सेकंद मिळत असतील तर तीच चार मिनिटं तितकी भीतीदायक नाहीत. आणि तुम्हाला दिसणारं टिकटिक करणारं घड्याळ बऱ्याचदा शेवटच्या नोंदीवरून तुमच्या स्क्रीनवर चाललेलं गणित असतं, खऱ्या घड्याळाशी दहा-वीस सेकंदांचा फरक धरूनच चाला. नॉकआउटमध्ये टायब्रेकच्या दिवशी हा फरक जास्त जाणवतो. २०२५च्या महिला विश्वचषकाची जॉर्जियातल्या बातुमीतली फायनल घ्या, दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडवर, म्हणजे कमी वेळेच्या डावांवर, गेला. रॅपिडमध्ये चाली सेकंदांवर येतात, दिसायला मात्र तीन-चार एकदम येऊन पडतात.

ह्या चाली कोणाच्या मालकीच्या, हा वाद पण कोर्टात जाऊन आलाय. २०१६ला न्यूयॉर्कमधल्या कार्लसन-कार्याकिन जगज्जेतेपदाच्या मॅचच्या आयोजकांनी दुसऱ्या साइटना चाली दाखवायला मनाई करा अशी मागणी केली, तिथल्या फेडरल कोर्टाने ती मनाई दिली नाही. व्हिडिओ, कॉमेंट्री ही आयोजकाची, पण कोणता घोडा कुठे गेला ही घडलेली गोष्ट आहे, ती दुसरा सांगू शकतो, असा साधारण सूर. म्हणूनच एकच डाव दहा साइटवर दिसतो.

बरं, आता तुम्हीच स्पर्धा भरवताय आणि वरचे चार-पाच पट तरी लाइव्ह दाखवायचेत. इलेक्ट्रॉनिक पट महाग असतात, नसले तर नसू दे. लिचेसवर अकाउंट काढून कोणीही ब्रॉडकास्ट तयार करू शकतं: स्पर्धेचं नाव, टाइम कंट्रोल (कोणाला किती वेळ मिळणार ते), मग एकेक फेरी आणि तिची सुरू व्हायची वेळ. फेरी तयार करताना ते विचारतं की चाली कुठून येणार. पीजीएनची लिंक नसेल तर हाताने. प्रत्येक डाव एक चॅप्टर, दोन-तीन मदतनिसांना चाली टाकायची परवानगी द्यायची आणि त्यांनी पटाजवळून चाली लिहून आणून टाकायच्या. क्लासिकलला हे आरामात जमतं, एक जण दोन पट सांभाळतो. रॅपिडला दमछाक होते. ब्लिट्झला, म्हणजे त्याहून झटपट डावांना, विचारच करू नका. तुमचं ब्रॉडकास्ट लिचेसच्या मुख्य यादीत आपोआप येत नाही, ते त्यांची टीम ठरवते, पण लिंक पाठवली की कोणालाही बघता येतं, आणि खेळाडूंच्या घरच्यांना तेवढंच हवं असतं.

पट असतील तर लाइव्हचेसमध्ये स्पर्धा टाकायची, फेरीच्या जोड्या टाकायच्या, आणि कुठला पट कुठल्या टेबलावर हे जोडायचं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पट एकसारखे दिसतात, कोणीतरी सकाळी झाडताना टेबल तीनचा पट टेबल चारवर ठेवतो आणि मग दोन डाव चार भलत्याच नावांनी जगभर फिरतात. पटाच्या खाली टेबल नंबर चिकटवून ठेवा. फेरीच्या आधी प्रत्येक पटावर सुरुवातीची मांडणी लावून लॅपटॉपवर बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या दिसतायत का, पांढरे योग्य बाजूला आहेत का, घड्याळ जोडलंय का हे बघा, आणि प्रत्येक सेटचे जादा वजीर टेबलावर दिसतील असे ठेवा. लॅपटॉप शक्यतो वायरने इंटरनेटला जोडा, बॅटरीवर भरवसा ठेवू नका, आणि त्याचं आपोआप झोपी जाणं आणि अपडेट होणं बंद करा, नाहीतर नेमका वेळेच्या मारामारीत तो रीस्टार्ट होईल.

मग लाइव्हचेसच्या क्लाउडवर फेरी चालू करून तिची लिंक लिचेसच्या फेरीत टाकली की झालं. किंवा लिचेसचं ब्रॉडकास्टर नावाचं छोटं ॲप लॅपटॉपवर ठेवायचं, ते पीजीएनच्या फोल्डरवर नजर ठेवतं आणि बदल झाला की वर ढकलतं. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, मधले टप्पे कमी होतात.

उशीर लावायला विसरू नका. फेरीच्या सेटिंगमध्येच सेकंदांत टाकायची जागा आहे, पंधरा मिनिटांसाठी ९००. बक्षिसं आहेत, रेटिंग आहे, तर लावाच. पण नुसतं तिथे लावून भागत नाही, कारण लॅपटॉपच्या स्क्रीनवर उशिराशिवायचे डाव दिसतच असतात. तो लॅपटॉप पंचांच्या टेबलावर, स्क्रीन भिंतीकडे वळवलेली, ते जमत नसेल तर निदान प्रेक्षकांकडे तरी नको, आणि त्याच्यावर इंजिन चालू नको. हॉलमध्ये मोठी स्क्रीन लावायची हौस असेल तर बार काढून टाका, नाहीतर खेळाडू मान वळवून स्वतःच्याच डावाचं उत्तर बघेल. चालवणाऱ्याने फेरी चालू असताना डावांबद्दल कोणाशी बोलायचं नाही, चहाच्या टेबलावर पण नाही.

नावं फिडे आयडीसकट भरा. आयडी असला की रेटिंग आणि किताब बरोबर दिसतात आणि एकाच खेळाडूचं नाव तीन फेऱ्यांत तीन स्पेलिंगने येत नाही.

आणि फेरी संपली म्हणजे काम संपलं नाही. क्लासिकल स्पर्धेत खरी नोंद खेळाडूंनी लिहिलेल्या स्कोअरशीटची, पटाची नाही. म्हणून डावाच्या शेवटच्या पाच-सहा चाली शीटशी ताडून बघा, राजाची ती वेडी चाल आली असेल तर काढा, चांदणीच्या जागी निकाल टाका. खेळाडूकडे पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ असेल आणि ३० सेकंदांची वाढ मिळत नसेल तर त्याला चाली लिहायचं बंधन नसतं, तेव्हा शीट अर्धवट असते आणि पटाचीच नोंद हाताशी राहते, ती नीट वाचून घ्या. रॅपिड-ब्लिट्झला तर शीट नसतेच, तिथे पट अडकला की तो डाव गेला. म्हणून निदान वरच्या दोन पटांवर तिरका वरून एक साधा मोबाइल कॅमेरा स्टँडवर लावून रेकॉर्डिंग करून ठेवा, अडकलेल्या चाली नंतर त्यावरून भरता येतात. साफ केलेली फाइल त्याच संध्याकाळी बदलून टाका, कारण उद्या सकाळपासून लोक ती डेटाबेसमध्ये उतरवून घ्यायला लागतात, आणि एकदा उतरवलेली चूक परत कोणी दुरुस्त करत बसत नाही.